भासऱ्यांचं वायफाय

सिंदीच्या आमच्या घरात वायफाय आणलं ते माझ्या भासऱ्यांनी. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. ते आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली, स्वयंपाक एक. सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. निवृत्त झाले आणि इतकी वर्षं जे लक्ष कचेरीतल्या माणसांवर होतं ते सगळं घरावर आलं. नळ किती वेळ चालू आहे, रिकाम्या खोलीत पंखा का फिरतोय, दूधवाल्याला उशीर का झाला, हे त्यांना बसल्या जागी माहीत असायचं.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो दिवाळीला आला तेव्हा त्याने वायफायची पेटी जिन्याच्या वळणावर लावली आणि वडिलांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. घरातल्या कुठल्या मोबाईलने कुठली साइट उघडली ते त्यात दिसायचं. आत काय वाचलं ते नाही, नुसतं साइटचं नाव. माझी मुलगी नववीत होती. पोरीच्या दृष्टीने हे बरं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

सुरुवातीला ती गंमतच वाटायची. जेवायला बसलं की भासरे नवऱ्याला म्हणत, "आज तुह्या घरी साड्या पाहणं चालू होतं. घेऊन दे एखादी." नवरा हसायचा, मुलगी हसायची, पोळ्या वाढता वाढता मीही हसायची. आमच्याकडे भासरे भावजयीशी थेट बोलत नाहीत. ते आले की मी खाटेवरून उठते, डोक्यावर पदर घेते. मला काही सांगायचं असलं तर ते नवऱ्याला सांगतात, मी शेजारी उभी असले तरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला कधी हाक मारलेली नाही. साड्यांची चेष्टा करतानाही ते ताटाकडे बघत असत.

वायफाय आलं तसा नवऱ्याने माझा नेटचा रिचार्ज बंद केला. तो एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो, घरातले सगळे रिचार्ज त्याच्याच मोबाईलवरून होतात. "घरात वायफाय आहे. बाहेर तुले नेट कायले पाह्यजे?" असं तो म्हणाला. त्यात भांडण्यासारखं मला काही दिसलं नाही. संध्याकाळी समोरच्या खोलीत लहान मुलांची ट्यूशन घ्यायची, बाजार करायचा, क्वचित माहेरी जायचं. बाहेर म्हणजे माझं तेवढंच होतं.

संक्रांतीनंतर माझं अंगावरून जाणं वाढलं. पाळी थांबायचीच नाही. चार पायऱ्या चढले की धाप लागायची. नवऱ्याने ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात गाठ आहे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "मुलंबाळं झालीत ना? मग पिशवी काढून टाका. कटकटच नको."

नवऱ्याने विचारलं, "कधी करता येईल?" मी काही विचारलं नाही. मला काय विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सगळं ठरलं. कापसाचा सीझन संपला की उन्हाळ्यात, पोरीची परीक्षा झाल्यावर. जाऊबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "काढून टाक. माह्यी नाई का काढली? सुटशील एकदाची." त्यांची चाळिशीच्या आतच काढली होती. आमच्या आळीत विचारायला गेलं तर निम्म्या बायकांची काढलेली निघेल, आणि प्रत्येक बाई सुटशील असंच म्हणते.

मला भीती वाटली. ऑपरेशनची वाटलीच, पण त्याहून जास्त या सहजपणाची वाटली. दुपार उतरताना मी मोबाईल घेतला आणि गाठीबद्दल शोधलं. दोन-तीन साइट उघडल्या. थोडं वाचलं, थोडं समजलं, मग ट्यूशनची मुलं आली म्हणून ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना भासरे नवऱ्याला म्हणाले, "डॉक्टरपेक्षा मोबाईल हुशार झाला का आपल्या घरचा? त्या बायकांच्या रोगाच्या साइटी पाहून पाहून मानूस अजून बिमार पडते. सांग तिले."

नवरा "हो दादा" म्हणाला. मुलीने मान खाली घातली आणि भात कालवत राहिली. मी वरणाचं भांडं हातात धरून उभी होते. ज्या माणसासमोर मी खाटेवर बसत नाही, ज्याने माझं तोंडदेखील नीट पाहिलेलं नसेल, त्याला माझ्या पाळीचं आणि पिशवीचं काय चाललंय ते माझ्या मोबाईलवरून कळत होतं, आणि तो ते जेवताना बोलत होता. पदर घ्यायचा तो कशासाठी, असं त्या क्षणी मनात आलं. तरी मी तो सावरलाच.

रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "मोठ्या भाऊजींना सांगा, माझ्या मोबाईलचं बघत जाऊ नका."

"ते काय मुद्दाम पाहतात का? दिसते त्याले, म्हणून बोलते."

"मला लाज वाटते."

"मग तशा साइटी पाहू नको."

भासऱ्यांचा स्वतःचा मोबाईल त्या ॲपमध्ये दिसतो का, हे घरात कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

माझी शाळेतली एक मैत्रीण केळझरला असते. संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. त्या महिन्यात चतुर्थीला मी तिथल्या गणपतीला गेले तेव्हा दर्शन झाल्यावर तिच्याकडे गेले आणि हे सगळं बोलले. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि माझा मोबाईल मागितला. तिच्या घरच्या नेटवर तिने त्यात एक नवीन ब्राउझर टाकला.

"याच्यात व्हीपीएन आतच असते," ती म्हणाली. "वेगळं काई घ्या लागत नाई. हे वरचं बटण दाबायचं. निळं झालं की तू जे उघडशील ते आधी त्या कंपनीच्या दूरच्या मशीनवर जाते आणि मग तुह्याकडं येते. भासऱ्याले फक्त त्या कंपनीचं नाव दिसन. तू साडी पाह्यली का देव पाह्यला, काईच समजणार नाई. आणि बंद केलं की मागचं सगळं आपोआप पुसल्या जाईन, असं करून देतो."

"पैसे?"

"फुकट आहे. म्हणजे फुकट कोणी काई देत नसते. जाहिराती दाखवतात. तुह्यी माहिती घरच्याऐवजी त्या कंपनीकडं जाते, एवढंच."

"म्हणजे कोणीतरी बघणारच."

"बघन. पण ते जेवाले तुह्या शेजारी नाई बसत."

त्यानंतर दुपारी सगळे पडले की मी स्वयंपाकघरात पाटावर बसून ते निळं बटण दाबायचे. देश निवडता येत नव्हता, नुसता युरोप, अमेरिका, आशिया असं होतं. मैत्रिणीने युरोप करून ठेवलं होतं. पान हळूहळू उघडायचं. बाजूला कुठल्यातरी न कळणाऱ्या भाषेत जाहिराती यायच्या, बहुतेक लोकरीच्या कोटांच्या आणि हीटरच्या. इकडे मार्च संपत आला होता आणि ओट्यावरची फरशी दुपारी तापलेली असायची. काही साइट मला आधी यंत्र नाही हे सिद्ध करायला लावायच्या. चौकोनांत चित्रं दाखवायच्या आणि म्हणायच्या, यातले सिग्नल ओळखा. सिंदीत सिग्नल नाही. पण ओळखता यायचे.

मी वाचलं. मराठीत थोडं होतं, हिंदीत बरंच, इंग्रजी अडखळत वाचलं. गाठीचे प्रकार असतात, सगळ्याच काढाव्या लागत नाहीत, काही गोळ्यांनी आटोक्यात राहतात, पाळी जायची वेळ आली की काही आपोआप आकसतात. पिशवी काढायची की नाही हे ठरवण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं, तेही एका ठिकाणी होतं. मी ते पाठ केलं. लिहून ठेवायची सोय नव्हती.

एकदा मी "जवळचे स्त्रीरोगतज्ज्ञ" असं शोधलं, तर परदेशातल्या कुठल्यातरी शहरातल्या डॉक्टरांचे पत्ते आले. फोटोही होते. पांढऱ्या केसांची एक बाई हसत होती, दवाखान्याबाहेर सायकली लावलेल्या होत्या. त्या बटणाच्या हिशेबाने मी तिच्या गल्लीत राहत होते. मला हसू आलं आणि मग रडू आलं. एवढ्या लांब जाऊन लपले, आणि तिथून वर्ध्याचा डॉक्टर दिसत नव्हता. शेवटी मैत्रिणीला फोन करून विचारलं. तिने वर्ध्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलची वेळ घेतली आणि म्हणाली, "केळझरले येतो म्हणून घरी सांगजो. मी येतो तुह्यासंगं."

तसंच सांगून मी निघाले. लग्नानंतर खोटं बोलून घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ.

हॉस्पिटलमध्ये रांग मोठी होती. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधीचा रिपोर्ट पाहिला, स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? काढायची आहे का?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले. "नको," एवढंच म्हणाले.

"मग आत्ता काढायची गरज नाहीये. गाठ लहान आहे. रक्त कमी झालंय, ते भरून काढू. गोळ्या देते, तीन महिन्यांनी दाखवा. वाढली तर तेव्हा बोलू."

बाहेर आल्यावर मैत्रिणीने उसाचा रस पाजला. मी तिला म्हटलं, "मला विचारलं गं त्यांनी." ती म्हणाली, "मग? तुलेच विचारतीन ना." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा समोरच्या खोलीत बसलेला होता. सीझनमध्ये तो त्या वेळी कधी घरी नसायचा. भासरे खुर्चीत, जाऊबाई आतल्या दारापाशी उभ्या. ट्यूशनच्या मुलांना परत पाठवलेलं होतं.

भासरे म्हणाले, "इचार तिले."

नवऱ्याने विचारलं, "तुह्या मोबाईलात व्हीपीएन आहे?" हा शब्द त्याला तासाभरापूर्वीच कळला असावा. तो एकेक अक्षर सुटं म्हणत होता.

"आहे."

"काऊन?"

"वाचायला."

"वाचाले लपा लागते?"

भासरे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलू लागले. "महिना झाला, दुपारभर एकाच ठिकाणी जाऊन राह्यला हा मोबाईल. पहिले साड्या दिसे, भाज्या दिसे, आता काईच नाई. नुसतं एक परदेशी नाव. मी पुण्याले पोराले इचारलं. तो म्हणे, बाबा, कोणाले दाखवाचं नसन तवा लावते मानूस हे." मग म्हणाले, "लपवाचं काई नसन तर लपवन कायले कोणी?"

नवरा उठला. माझ्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "कोण आहे तो?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मला वाटलं डॉक्टरांबद्दल विचारतोय. मग कळला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मुलगी जिन्यावर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"कोणी नाही. मी माझ्या आजाराचं वाचत होते."

"मग दाखव."

मी ब्राउझर उघडून दाखवला. तो कोरा होता. मागचं सगळं पुसलं जाईल असं मीच करून घेतलेलं. इतक्या दुपारी मी काय वाचलं, कुठे अडले, कुठला शब्द चार-चार वेळा बघितला, यातलं काही कुठे राहिलं नव्हतं. साड्या पाहिल्याचा पुरावा भासऱ्यांकडे होता. मी निर्दोष असल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता.

शेवटी खांद्यावरच्या पिशवीतून हॉस्पिटलचं कार्ड काढून दिलं. नवऱ्याने ते वाचलं. भासऱ्यांनी हात पुढे केला, त्यांनीही वाचलं. मला वाटलं, आता संपलं.

"म्हणजे केळझर सांगून वर्ध्याले गेलती," भासरे म्हणाले.

नवरा मान हलवत म्हणाला, "खोटं बोलून."

डॉक्टर काय म्हणाल्या, हे त्या संध्याकाळी कोणी विचारलं नाही. नंतरही विचारलं नाही. गोळ्यांची पिशवी टेबलावर पडली होती, ती मीच उचलून आत नेली. भासऱ्यांनी वायफायचा पासवर्ड बदलला आणि तो मला सोडून सगळ्यांना दिला. मुलीला दिला, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवून घे म्हटलं.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं नाही. मी जाणार नाही म्हटलं आणि कोणी जोर केला नाही. त्यांना माझ्या पिशवीत तेवढा रस कधी नव्हताच. गोळ्यांनी रक्त थांबलं, ताकद आली. ट्यूशनच्या पैशातून मी चौकातल्या दुकानात जाऊन माझा नेटचा रिचार्ज करायला लागले. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलत होता, आणि मीही.

एका दुपारी जाऊबाई खाली आल्या. भासरे नागपूरला गेले होते. जाऊबाईंनी पदराखालून स्वतःचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ते निळंवालं याच्यात टाकून दे."

"कशाला ताई?"

"तू वाचे ना, ते मले वाचून दाखव."

मी टाकून दिलं, बटण दाबलं आणि त्यांना सगळं वाचून दाखवलं. इंग्रजीचं सोपं करून सांगितलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. पिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढली तर बाईची पाळी वयाआधीच कायमची जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात, झोप लागत नाही, असं तिथे होतं. ते वाचताना माझा आवाज बारीक झाला. जाऊबाईंचे गुडघे आणि कंबर कधीपासून दुखतात ते मला माहीत होतं. थंडीतही त्या रात्री गच्चीवर जाऊन बसतात, तेही माहीत होतं. घरात सगळे म्हणतात, वयच झालं.

"तुमचं दोन्ही बाजूंचं काढलं होतं का?" मी विचारलं.

"मले काय मालूम. डॉक्टर म्हणे, सगळं साफ करून टाकलं."

"कागद असतील ना?"

"असतीन यांच्यापाशी." त्या गुडघा चोळत म्हणाल्या, "मले तं एवढं जात बी नव्हतं अंगावरून. कंबर दुखे, म्हणून गेलतो. डॉक्टर म्हणे काढून टाका, हे म्हणे काढून टाका. मग माह्यी काऊन काढली?"

मी म्हटलं, "डॉक्टरांना काही दिसलं असेल ताई. तुमचं वेगळं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजूत काढते आहे हे त्यांना समजलं होतं, आणि ते समजलंय हे मलाही.

"बंद कर," त्या म्हणाल्या. मी बंद केलं. "आणि ते निळं काढून टाक मोबाईलातून. मले नाई पाह्यजे."

मी काढून टाकलं. मोबाईल घेऊन त्या जिना चढायला लागल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. आळीत आता कोणा बाईचं पिशवीचं निघालं तर जाऊबाई सुटशील असं म्हणत नाहीत. उठून आत जातात.

मुलगी आता अकरावीला वर्ध्यात शिकते, हॉस्टेलवर राहते. भासरे अजून ॲप बघतात, पण बघण्यासारखं घरात फार कोणी राहिलं नाही.

मागच्या महिन्यात नवरा सोफ्यावर बसून मोबाईल चाळत होता. कुठल्यातरी दुसऱ्या देशात मॅच चालू होती, ती इथल्या साइटवर पैसे भरल्याशिवाय दिसत नव्हती. जिनिंगमधल्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं की बाहेरच्या देशातून उघडली तर फुकट दिसते.

"अवं," त्याने मला हाक मारली, "ते तुह्यं व्हीपीएन का काय होतं, ते याच्यात टाकून दे बरं."

मी हात पुसत बाहेर आले. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. ती संध्याकाळ, ते कार्ड, तो प्रश्न, कशाचीही खूण नव्हती. तो खरंच विसरला होता. मी बाजूला बसले, ब्राउझर टाकला, बटण कुठे आहे ते दाखवलं. ते निळं झालं.

"एवढंच असते का हे?" तो म्हणाला.

"एवढंच असतं," मी म्हटलं.

मॅच सुरू झाली. अडकत अडकत, पण दिसत होती. त्याने पाय वर घेतले आणि चहा मागितला. मी आत गेले आणि चहा टाकला.